पाइनवरची पांढरी बोचकी : उंची कुठे आवरते आणि सुई कुठे अडवते

प्रश्न थोडक्यात असा आहे. स्पेनमधल्या ग्रानादा शहरात राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाने सिएरा नेवादाच्या उतारावर, साधारण १,५०० मीटर उंचीवर, जुनं घर घेतलं आहे. शहरालगतच्या पाइनवर सुरवंटांची पांढरी जाळी दिसतात, नव्या घराच्या आजूबाजूला त्याहून जास्त दिसतात, आणि वर चढत गेलं की कमी होत होत जवळजवळ नाहीशी होतात. शेजारी म्हणतात, उंचीवर थंडी असते, कीड टिकत नाही. जंगलात काम केलेल्या एका ओळखीच्या गृहस्थांचं म्हणणं, वरच्या झाडांच्या सुयाच वेगळ्या असतात, अळीला त्या झेपत नाहीत. खरं कोणाचं? अंगणाच्या कडेला झाडं लावायची आहेत, ती कोणती लावावीत? आणि घरात कुत्रा आहे, त्याचं काय?

मी अकोल्याला कीटकशास्त्र शिकले, सुरुवातीची वर्षं बोंडअळीमागे गेली. गेली बावीस वर्षं मात्र इथल्या डोंगरांत पाइनच्या आरोग्याचं काम करते आहे. तुमच्या घरासारख्या पट्ट्यात माझा निम्मा हिवाळा जातो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

शेजारी बरोबर आहेत आणि ते गृहस्थही बरोबर आहेत. फक्त दोघं वेगवेगळ्या वयाच्या अळीबद्दल बोलत आहेत. सुईची मात्रा चालते ती अंड्यातून नुकत्याच निघालेल्या अळीवर, शरद ऋतूत. उंचीची मात्रा चालते ती वाढलेल्या अळीवर, हिवाळ्यात. ही दोन कामं एकमेकांना कशी जोडलेली आहेत ते कळलं, की मधल्याच पट्ट्यात जाळी सर्वांत जास्त का, हेही कळतं.

आधी कीड नीट ओळखून घेऊ. स्पॅनिशमध्ये हिला प्रोसेसिओनारिया म्हणतात, म्हणजे मिरवणुकीने चालणारी. शास्त्रीय नाव थाउमेटोपोइआ पिटिओकाम्पा. आपल्याकडे पावसाळ्यात शेवग्याच्या खोडावर केसाळ सुरवंटांचे थरच्या थर चिकटून बसतात, ते ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हिचा एकोपा नवा वाटणार नाही. पण हिचं वर्ष आपल्या सवयीच्या उलटं आहे. आपल्या बहुतेक अळ्या पालवी फुटली की खातात, ही थंडीत खाते. उन्हाळ्यात जमिनीतल्या कोषातून पतंग निघतात. मादी एक-दोन दिवसच जगते आणि तेवढ्यात आपली सगळी अंडी एकाच पुंजात घालून मोकळी होते. महिना-दीड महिन्यात अंडी फुटतात. अळी पाच अवस्थांतून जाते. पहिल्या दोन अवस्थांत ती विरळ, तात्पुरती जाळी विणत फांद्यांवर जागा बदलत राहते. थंडी पडू लागली की सगळी टोळी मिळून फांदीच्या शेंड्याकडे, दक्षिणेच्या उन्हाला, जाड रेशमी बोचकं विणते. हिवाळा सरता सरता तिथून उतरून, एकीच्या मागे एक अशी रांग धरून, मऊ माती शोधत जाते आणि वीतभर खोलीच्या आत कोषात जाते. सगळेच कोष त्याच उन्हाळ्यात उघडत नाहीत. काही दोन-तीन वर्षं मातीत थांबतात, आणि थंड जागी असे थांबणारे जास्त असतात. म्हणून एखाद्या वर्षी झाडावर काही दिसलं नाही तर कीड गेली असं धरू नका.

आता सुईकडे या. तुमच्या घराजवळच्या पाइनवर आत्ताही गेल्या उन्हाळ्यातला रिकामा अंडीपुंज सापडेल. हाताशी येणाऱ्या फांद्या बघत जा. सुयांच्या जोडीभोवती पेन्सिलीपेक्षा बारीक, दोन-तीन-चार सेंटिमीटर लांबीची, फिकट बदामी रंगाची नळकांडी दिसते. लांबून ती वाळका तुरा वाटते. मादी आपल्या पोटाच्या टोकावरचे खवले काढून ते कौलांसारखे एकावर एक बसवते आणि अंडी झाकून टाकते. हातमोजा घालून, नखाने खवले खरवडा. खाली अंडी मक्याच्या कणसावरच्या दाण्यांसारखी ओळीने बसलेली असतात. ७० पासून ३०० पर्यंत मोजता येतात. भिंग लावलंत तर भोकांमध्येही फरक दिसेल. मोठं, वेडंवाकडं भोक म्हणजे अळी बाहेर पडली. बारीक, गोल, टाचणीने पाडल्यासारखं भोक म्हणजे आतून मित्रकीटक निघाला, अंड्यांवर जगणारी इवलीशी परजीवी माशी. या एका नळकांडीत त्या झाडाचा गेल्या वर्षाचा हिशेब असतो. मी कोणत्याही नव्या जागी गेले की आधी हीच शोधते.

मादी सुयांची जोडी पायांत धरून तिच्याभोवती फिरत अंडी चिकटवते, त्यामुळे सुईची जाडी आणि लांबी तिच्यासाठी निव्वळ बांधकामाचा प्रश्न असतो. इथले डोंगरातले पाइन सगळे दोन सुयांच्या जोडीचे. पण जोडी-जोडीत फरक खूप आहे. खालचा कार्रास्को, म्हणजे अलेप्पो पाइन, याची सुई मऊ, एक मिलिमीटरच्या आतली, सहा ते बारा सेंटिमीटर लांब. रेसिनेरोची, ज्याचा राळेसाठी उपयोग होतो, सुई दोन मिलिमीटरच्या आसपास जाड, वीतभर लांब, दाभणासारखी. लारिसिओ, म्हणजे काळा पाइन, या दोघांच्या मधला. आणि वरचा सिल्वेस्त्रे, स्कॉट्स पाइन, त्याची सुई जेमतेम तीन ते सात सेंटिमीटर, पीळ घातलेली, निळसर. ही कीड सर्वांत जास्त रमते ती लारिसिओ आणि सिल्वेस्त्रेवर. पिन्योनेरो, ज्याच्या बिया इथे सुक्या मेव्यासारख्या खातात तो छत्रीसारखा पाइन, त्याला ती तुलनेने कमी पसंत करते. त्याच्या सुयांत लिमोनीन भरपूर असतं, तेच जे लिंबा-संत्र्याच्या सालीत असतं. इतर पाइनवर लिमोनीन फवारून पाहिलं तेव्हा माद्यांनी तिथेही कमी अंडी घातली. म्हणजे सुईचं काम नुसतं टणकपणाचं नाही, वासाचंही आहे.

टणकपणाची खरी परीक्षा अंडी फुटल्यावर होते. इथे थोडं थांबून बघण्यासारखं आहे. नुकती निघालेली अळी दोन-तीन मिलिमीटरची, तिचं डोकं मोहरीच्या दाण्याहून लहान. वसंतात फुटलेली सुई तोवर उन्हाळाभर पिकून कडक झालेली असते. बाहेर मेणाचा थर, त्याखाली जाड भिंतींच्या पेशींचं कवच, मग हिरवा गर, आणि मधोमध शीर. एवढ्याशा अळीचा जबडा सुईची कड पूर्ण पकडूच शकत नाही. ती बाजूने खरवडत जाते, गर चाटूनपुसून खाते आणि शीर तशीच सोडते. म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पहिली खूण दिसते ती पिवळ्या, कुरळ्या, वाळक्या सुयांचा एक मूठभर झुबका, विरळ जाळीत गुरफटलेला. बहुतेक लोकांना तो दिसतच नाही. जानेवारीत पांढरं बोचकं दिसतं तेव्हा फोन येतो, आणि तोवर उपायाचे तीन महिने निघून गेलेले असतात.

सुई टणक असली, तिच्यात नत्र कमी असलं, राळेचे पदार्थ जास्त असले, तर ही पहिली अवस्था लांबते. एकेक दिवस लांबला की कोळी, मुंगळे, शिकारी ढेकण्या यांना तेवढा एक दिवस जास्त मिळतो आणि टोळीतली संख्या घटते. आणखी एक गोष्ट मी अनेकदा पाहिली आहे आणि इथल्या संशोधनातही ती आली आहे. गेल्या हिवाळ्यात फस्त झालेल्या सिल्वेस्त्रेवर पुढच्या वर्षीची टोळी तितकीशी तग धरत नाही. झाड मार खाल्ल्यानंतर पूर्वीसारखं खाद्य राहत नाही. पण मादीला ते कळत नाही. ती झाड निवडते ते उठून दिसतंय का, रानाच्या कडेला आहे का, हे बघून. त्यामुळे रस्त्याकडेचं, एकटं, उंच झाड पुन्हा पुन्हा लागतं.

पण सुईची सत्ता इथपर्यंतच. तिसऱ्या अवस्थेपासून जबडा असा होतो की रेसिनेरोची दाभणसुद्धा ती टोकापासून बुडापर्यंत संपवते. त्यानंतर प्रश्न उरतो थंडीचा, म्हणजेच उंचीचा.

डोंगर चढताना दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंश सेल्सिअसने उतरतं. ग्रानादा ७०० मीटरच्या आसपास आहे. तुमचं घर त्याहून पाच अंश गार, २,००० मीटरचा सिल्वेस्त्रेचा पट्टा आठ अंशांहून जास्त गार. आता अळीचा दिनक्रम बघा. दिवसा ती बोचक्यात असते. सूर्य त्यावर पडला की आत हवेपेक्षा बरंच ऊबदार होतं. एका जानेवारीत मी बोचक्यात तापमापकाची तार सारून बसले होते. बाहेर हातमोजे काढवत नव्हते, आणि आतला आकडा बघता बघता दोन अंकी झाला. अंधार पडला की टोळी बाहेर येते, रेशमाच्या वाटेने सुयांपर्यंत जाते, खाते आणि पहाटेपूर्वी परतते. हे घडायला दोन अटी आहेत. दिवसा बोचक्यात ९ अंशांच्या वर ऊब मिळाली पाहिजे, आणि त्यानंतरच्या रात्री बाहेर शून्याच्या वर हवा पाहिजे. पहिली अट पुरी झाली नाही तर अळी जागी होत नाही, दुसरी झाली नाही तर बाहेर पडत नाही. दोन्ही जुळल्या तरच जेवण.

म्हणून उंचीवर ती मरते ती बहुधा गोठून नव्हे. टोळीला थेट मारायला उणे सोळाच्या आसपासची थंडी लागते, आणि तुमच्या उतारावर तशी रात्र विरळा. ती मरते उपासाने. २,००० मीटरवर जानेवारीत ओळीने वीस-वीस रात्री शून्याखाली गेल्या, तर तेवढ्या रात्री टोळी उपाशी. खाली शहराजवळ तीच टोळी जवळपास रोज जेवते आणि जानेवारी-फेब्रुवारीतच खाली उतरायला तयार होते.

आता सुई आणि उंची यांची गाठ कुठे पडते ते सांगते, कारण इतक्या वर्षांत मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट हीच. बोचकं किती जाड आणि किती ऊबदार होणार हे टोळीत अळ्या किती आहेत त्यावर ठरतं. दोनशे अळ्यांचं बोचकं ऊब धरतं. तीस अळ्यांचं बोचकं नावापुरतं असतं. शरद ऋतूत टणक सुईने टोळी दोनशेवरून तीसवर आणली, तर खाली शहराजवळ त्या तीसही सुखाने जगतात, कारण हिवाळा सौम्य असतो. सुईने केलेली मेहनत तिथे वाया जाते. तीच तीसची टोळी १,९०० मीटरवर असेल तर एका लांबलेल्या थंडीत संपते. म्हणजे सुईचा छोटासा फायदा उंची मोठा करून दाखवते. उलट, वरची सुई मऊ आणि सकस असेल तर मोठी टोळी तयार होते आणि थंडीलाही पुरून उरते. नुसती उंची किंवा नुसती सुई बघून अंदाज बांधणारे माझे कितीतरी सहकारी इथे फसलेले मी पाहिले आहेत.

शिवाय उंची स्वतः सुई बदलते. एकाच जातीची झाडं खालून वर बघत गेलात तर वरच्या सुया सहसा आखूड, जाड कवचाच्या, वजनाने भरीव होत जातात आणि झाडावर जास्त वर्षं टिकतात. झाडाला छोट्या उन्हाळ्यात दरवर्षी सगळ्या सुया नव्याने घडवणं परवडत नाही, म्हणून ते एकदाच मजबूत घडवतं. सिएरा नेवादाचा जुना, मूळचा सिल्वेस्त्रे, ज्याला नेवादेन्सिस म्हणतात, त्याची आखूड निळसर सुई एकदा हातात घेऊन बघा. पश्चिम युरोपात या जातीची दक्षिणेकडची शेवटची नैसर्गिक वस्ती म्हणजे हे डोंगर आणि शेजारचा सिएरा दे बासा. हिमयुग ओसरल्यावर वर वर सरकत जाऊन उरलेली ही झाडं आहेत.

मग मधल्या पट्ट्यात जाळी सर्वांत जास्त का? इथे उंचीखेरीज तीन गोष्टी एकत्र येतात.

एक, माणसाने काय लावलं. १९४० नंतरच्या दशकांत इथे उजाड उतारांवर प्रचंड प्रमाणात पाइन लावले गेले, एकाच वयाचे, एकाच जातीचे, दाटीने. तुमच्या घराच्या पट्ट्यात ते लारिसिओ आणि सिल्वेस्त्रे असण्याचा संभव दाट, म्हणजे किडीची आवडती पानं. खालचे कार्रास्को तिला चालतात, पण तितके नव्हे. त्यामुळे खालचा कार्रास्को आणि वरचा सिल्वेस्त्रे यांची तुलना करून उंचीबद्दल निष्कर्ष काढू नका. झाडच वेगळं आहे. तुलना करायची तर एकाच जातीची झाडं तीन उंचींवर बघा.

दोन, उन्हाची बाजू. दक्षिणेकडे तोंड असलेल्या उताराला इथे सोलाना म्हणतात, उत्तरेच्या सावलीला उंब्रिया. एकाच उंचीवर सोलानात बोचकी लगडलेली आणि डोंगराची धार ओलांडली की उंब्रियात तुरळक, हे दृश्य नेहमीचं. अळीसाठी २०० मीटर चढणं आणि सोलानातून उंब्रियात जाणं जवळपास सारखंच.

तीन, थंड हवेचा साठा. हिवाळ्याच्या शांत रात्री जड, गार हवा उतरून खोऱ्याच्या तळाशी बसते. ग्रानादाची वेगा, म्हणजे शहराबाहेरचं सपाट खोरं, पहाटे दहिवराने पांढरं असतं आणि तीन-चारशे मीटर वर उतारावर दोन-तीन अंश जास्त असतात. तिथे तळाजवळच्या अळीला उपास आणि मधल्या उतारावरच्या अळीला जेवण मिळतं. म्हणून उंचीचा आकडा नकाशावरून घेऊ नका. साधा किमान-कमाल तापमापक इथे सहज मिळतो, तो अंगणात सावलीत टांगा आणि डिसेंबर ते फेब्रुवारी किती रात्री शून्याखाली गेल्या त्या वहीत लिहा. त्यातून तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं उत्तर मिळेल.

शेजाऱ्यांच्या “उंचीवर कीड येत नाही” या वाक्यात आणखी एक अडचण आहे. ते वाक्य त्यांच्या लहानपणी जितकं खरं होतं तितकं आता राहिलेलं नाही. आल्प्सच्या इटालियन बाजूला १९७५ ते २००४ या काळात या किडीची वरची सीमा ११० ते २३० मीटरने चढली. पॅरिसच्या खोऱ्यात १९७२ ते २००४ मध्ये ती ८७ किलोमीटर उत्तरेला सरकली. कारण तेच, शून्याच्या वरच्या रात्री वाढल्या. २००३ च्या भयंकर उन्हाळ्याने वेगळीच वाट दाखवली. मादीला उडायला साधारण १४ अंशांच्या वरची रात्र लागते. एरवी उंचीवर अशा रात्री मोजक्याच असतात. त्या वर्षी त्या कितीतरी पट वाढल्या, माद्या वर वर गेल्या आणि आल्प्समध्ये तीस वर्षांत जितकी चढण झाली होती तिच्या तिसऱ्या हिश्शाएवढी चढण एका उन्हाळ्यात झाली. सिएरा नेवादात याचा फटका त्या जुन्या सिल्वेस्त्रेला बसतो. झाड सहसा मरत नाही, कारण अळी हिवाळ्यात जुन्या सुया खाते आणि वसंतातली नवी पालवी वाचते. पण ओरबाडलेल्या झाडाला शंकू कमी आणि लहान येतात, बी घटतं, आणि ज्या वस्तीत आधीच रोपं रानबकऱ्यांच्या तोंडी जातात तिथे बी घटणं फार महाग पडतं. या झाडांसाठी माझा जीव तुटतो. दोनशे वर्षांचं झाड उभं दिसतं, हिरवं दिसतं, आणि त्याच्या खाली एकही रोप नसतं.

इतर किडींना हेच गणित लावता येतं का, असं कोणी विचारेल. थोडंच लावता येतं. पाइनवरची करवत माशी, निओडिप्रिऑन सर्टिफर, वसंतात कोवळ्या सुया समोर असून जुन्या खाते, कारण नव्या सुयांतली राळेची आम्लं तिला नकोशी असतात. म्हणजे तिथे टणकपणा नव्हे, सुईचं वय ठरवतं. उत्तर अमेरिकेतला पाइनचा सालभुंगा तर सुईकडे बघतही नाही. त्याच्यासाठी उंचीचा अर्थ एवढाच की खाली एका वर्षात पिढी पुरी होते आणि वर दोन वर्षं लागतात. आपल्या हिमालयात चीड आणि कैल या पाइनच्या दोन जातींची तुलना करताना मात्र हीच सावधगिरी लागते. चिडाच्या तीन-तीनच्या जुडीतल्या वीस-तीस सेंटिमीटर सुया साधारण २,३०० मीटरखाली, कैलच्या पाच-पाचच्या बारीक, लोंबत्या सुया त्याच्या वर. उंचीबरोबर झाड बदलतं, आणि दोष की श्रेय कोणाला द्यायचं ते ठरवणं अवघड होतं.

आता तुमच्या अंगणाबद्दल. पिन्योनेरो किडीला कमी आवडतो म्हणून तो लावा असं कोणी सुचवेल. १,५०० मीटरवर मी लावणार नाही. ते खालच्या, ऊबदार जागेचं झाड आहे आणि तिथे कुढत वाढेल. खरं तर अंगणाच्या कडेला आणखी पाइन लावूच नका. तिथे एन्सिना, म्हणजे इथला सदाहरित ओक, लावा. जागा ओलसर असेल तर मेलोहो ओक किंवा मेपल. या रुंदपानी झाडांची रांग तुमच्या असलेल्या पाइनसमोर उभी राहिली की मादीला पाइन लांबून ओळखू येत नाही, आणि अंडी घालणं कमी होतं. फ्रान्समधल्या पाइनच्या लागवडीत हे तपासून झालेलं आहे. कडेचं उघडं पाइन झाकणं हा मला माहीत असलेला सर्वांत स्वस्त आणि टिकाऊ उपाय आहे, फक्त त्याला आठ-दहा वर्षं द्यावी लागतात.

तोवर काय करायचं? फवारणी करायचीच झाली तर बीटीची, म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस कुर्स्ताकी या जिवाणूची. ती पहिल्या-दुसऱ्या अवस्थेतल्या अळीवरच नीट चालते. आणि इथे उंचीमुळे तारखा उलट्या होतात, हे पक्कं लक्षात ठेवा. थंड जागी पतंग आधी निघतात, म्हणजे अळीला हिवाळ्यापूर्वी वाढायला वेळ मिळतो. शहराजवळ अंडी फुटायला सप्टेंबर उलटतो, तुमच्याकडे ती आधीच फुटलेली असतील. माझ्या ओळखीच्या एका बागेत शहरातल्या तारखेने फवारणी झाली, पैसे गेले, आणि अळ्या तिसऱ्या अवस्थेत पोहोचल्या होत्या. तारीख कॅलेंडरवरून धरू नका. ऑगस्टच्या मध्यापासून दर आठवड्याला अंडीपुंज बघा आणि तो पिवळा झुबका शोधा. उन्हाळ्यात कामगंध सापळे टांगले तर नर पतंग किती येताहेत ते कळतं. मोजणीसाठी ते उत्तम आहेत, दोन-चार झाडांच्या अंगणात नियंत्रणासाठी त्यांच्यावर विसंबू नका. टिट, म्हणजे आपल्याकडच्या वल्गुलीसारख्या इथल्या छोट्या पक्ष्यांसाठी, लाकडी घरटी टांगा. ते हिवाळ्यात बोचकी फोडून अळ्या खातात.

बोचकं स्वतः काठीने पाडू नका, जाळू नका. तिसऱ्या अवस्थेपासून अळीच्या पाठीवर एक-दोन दशांश मिलिमीटरचे लाखो केस असतात. ते सुटून हवेत जातात, कातडीत, डोळ्यांत, श्वासात रुततात, आणि त्यांत विषारी प्रथिन असतं. रिकाम्या बोचक्यातले केसही पुढच्या वर्षापर्यंत त्रास देतात. हे काम पूर्ण अंग झाकणारा पोशाख आणि चष्मा असलेल्या माणसाकडूनच, डिसेंबर-जानेवारीत, अळ्या आत असताना करून घ्या. खोडाला गुंडाळायचे पट्टेही मिळतात. उतरणारी रांग त्यात अडकून पिशवीत जाते. ते जानेवारीतच बसवून टाका.

कुत्र्याचा धोका झाडावर नाही, जमिनीवर आहे. तो रांग हुंगतो, चाटतो, आणि काही मिनिटांत जीभ सुजते, लाळ गळते. उशीर झाला तर जिभेचा तुकडा काळा पडून गळून जातो. असं झालं तर हातमोजे घालून तोंड भरपूर कोमट पाण्याने धुवा, अजिबात चोळू नका, कारण चोळल्याने केस तुटून आणखी विष सुटतं, आणि थेट पशुवैद्याकडे जा. शहरात हे दिवस जानेवारी-फेब्रुवारीचे. तुमच्या उंचीवर मार्च-एप्रिलपर्यंत लांबतात, आणि शहरातले ओळखीचे लोक “आता संपलं” म्हणतील तेव्हाच तुमच्याकडे सुरू होत असेल. थंडीनंतरचे पहिले दोन-तीन ऊबदार, उन्हाचे दिवस सर्वांत जपायचे. त्या दिवसांत त्याला दोरीशिवाय पाइनखाली सोडू नका.

रांग कुठे गेली ते तुम्हाला बहुधा दिसणार नाही, पण हुदहुदाला दिसतं. झाडापासून काही पावलांवर, ऊन पडणाऱ्या भुसभुशीत मातीत तो लांब चोच खुपसून कोष उकरत असेल, तर ती जागा दगड ठेवून खूण करून ठेवा. तिथे माती उकरू नका, रोपं लावू नका आणि कुत्र्यालाही उकरू देऊ नका. हुदहुदाला मात्र निवांत खाऊ द्या.